पायाने पुसायची रेघ

ताईंना राग येत नसे. राग त्यांच्याकडे कायमचा मुक्कामालाच होता आणि कामानिमित्त अधूनमधून बाहेर पडे, एवढेच. फर्निचरच्या त्या कारखान्यात नव्याने रुजू होणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या जात. करवतीच्या यंत्राजवळ सैल बाह्या घालून जायचे नाही आणि ताई हातात खडू घेऊन उभ्या असताना "छान आहे" असे म्हणायचे नाही. पहिल्या चुकीने बोट जाई, दुसरीने अब्रू.

"छान म्हणजे काय?" ताई विचारीत. "छान तर पाहुण्यांचं मूलही असतं. इथं तुम्हाला काय खुपतंय ते बोला. काहीच खुपत नसेल, तर तुम्ही नीट पाहिलेलं नाही."

ताई एका शाळामास्तरांच्या कन्या. मास्तर भूमिती शिकवीत आणि घरातही कोनमापक खिशात घालूनच वावरत, अशी त्यांच्या पत्नीची तक्रार असे. अशा घरात वाढलेल्या मुलीला वाकडी रेघ सहन होत नाही, हे ओघाने आलेच. परंतु ताईंना सरळ रेघही सहन होत नसे, जोवर ती सरळ का आहे हे कोणी पटवून देत नाही तोवर. आरेखनाचे रीतसर शिक्षण घेऊन त्या या कारखान्यात मुलाखतीला आल्या, तेव्हा थोरल्या मालकांनी त्यांची प्रमाणपत्रे उघडलीसुद्धा नाहीत.

"बसलात ती खुर्ची कशी आहे?" त्यांनी विचारले.

"पाठ टेकली की पाय उचलले जातात आणि पाय टेकले की पाठ सुटते," ताई म्हणाल्या. "आलेल्या माणसाने लवकर उठून जावं म्हणून मुद्दाम केली असेल, तर उत्तम आहे."

थोरले मालक खो खो हसले. ती खुर्ची त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी केलेली होती. दुसऱ्या दिवसापासून ताई कामावर होत्या आणि त्या आठवड्याअखेर ती खुर्ची सरपणात.

कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लांबरुंद खोली होती. खाली लाकूड कापले जाई आणि वर माणसे एकमेकांना कापत. खोलीत टेबल नव्हते, फळा नव्हता. गुळगुळीत करड्या फरशीची मोकळी जमीन, भिंतीला लावलेली चार लाकडी खोकी आणि खडूंचा एक पत्र्याचा डबा, एवढाच संसार. नवी वस्तू करायची झाली की ती आधी त्या जमिनीवर खडूने काढायची, खऱ्या मापात. खुर्ची असेल तर खुर्चीएवढी, कपाट असेल तर कपाटाएवढे. मग त्या रेघांमध्ये खोकी मांडून बसायचे, उठायचे, वाकायचे, कल्पनेतले दार उघडायचे आणि त्या दाराने खरोखरच गुडघा फुटल्यासारखे भांडायचे. थोरल्या मालकांनी या खोलीला एकच नियम घालून दिला होता. ज्याला जी रेघ पटत नाही, त्याने ती पायाने पुसावी. परवानगी मागू नये, कारण देऊ नये. मात्र पुसणाऱ्याने त्या जागी दुसरी रेघ ओढल्याखेरीज तिथून हलता कामा नये.

हा नियम ऐकायला पोरखेळ वाटतो, पण पोरखेळात जेवढी इमानदारी असते तेवढी मोठ्यांच्या कारभारात क्वचितच आढळते. आपण जीव ओतून काढलेली रेघ दुसऱ्याच्या चपलेखाली जाताना पाहणे, हे भल्याभल्यांना जमत नाही. ताईंनाही पहिल्या वर्षी जमले नाही. कारखान्यातले सर्वांत जुने सुतार असलेल्या मिस्त्रींनी ताईंच्या लिहिण्याच्या मेजाचा एक पाय पुसला, तेव्हा त्या जिन्यात जाऊन रडल्या होत्या. परत वर आल्या, तेव्हा मिस्त्री खोलीच्या मध्यभागी खडू घेऊन तसेच अवघडून उभे होते.

"अहो, नवी रेघ सुचेना," मिस्त्री म्हणाले. "आणि सुचल्याशिवाय हलता येईना. चहा गार झाला माझा. या आता, मदत करा."

वाचनालयासाठी केलेली, उलटवली की खुर्ची होणारी घडीची शिडी याच खोलीतली. तीन दिवस भांडण चालले होते. शेवटी कंटाळलेले मिस्त्री एका खोक्यावर उलट्या बाजूने बसले, भिंतीकडे तोंड करून, रुसल्यासारखे. ताई त्यांना काहीतरी लागट बोलणार होत्या. बोलता बोलता थांबल्या. उलटे बसलेल्या माणसाची पाठ जिथे येते, तिथेच शिडीची पायरी यायला हवी होती. कुणालाही ते "सुचले" नव्हते. एक माणूस रुसला, दुसऱ्याने पाहिले, तिसऱ्याने मधली रेघ पुसली. कल्पना म्हणून जे काही असते ते बहुधा असेच जन्माला येते. कोणाचे मूल आहे हे सांगता येत नाही आणि सगळेच त्याचे लाड करतात.

पुढे थोरले मालक दीर्घ आजारात गेले आणि कारभार त्यांच्या चिरंजीवांकडे आला. सगळे त्यांना धाकटे मालक म्हणत. धाकटे उच्चशिक्षित, मृदुभाषी, निर्व्यसनी आणि सदैव प्रवासात असलेले गृहस्थ होते. त्यांच्या काळात बैठका पडद्यावर गेल्या. प्रथम अडचण म्हणून, मग सोय म्हणून आणि अखेरीस धोरण म्हणून. उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण पूर्वी निंदेसाठी वापरत. आता तिचे व्यवस्थापनशास्त्र झाले होते.

सोमवारी सकाळी बैठक भरे. पडद्यावर पाच चौकटी. एका चौकटीत धाकटे मालक, मागे पुस्तकांचे चित्र. दुसरीत गादीवाली, म्हणजे कापड, रंग आणि गाद्या पाहणारी हुशार तरुणी. तिसरीत चष्मिष, दूरच्या गावी राहून नकाशे करणारा नवा अभियंता, ज्याने खोली कधी पाहिलीच नव्हती. चौथीत मिस्त्रींचे कपाळ. सुनेचा फोन नेमका कुठे धरायचा हे मिस्त्रींना अखेरपर्यंत उमगले नाही. कपाळ आणि त्यावर फिरणारा छताचा पंखा, एवढ्यानेच ते वर्षभर सभेस उपस्थित होते. आणि पाचव्या चौकटीत स्वतः ताई.

ताईंचे घर दोन खोल्यांचे. कॅमेऱ्याच्या टप्प्यातूनच स्वयंपाकघराचा रस्ता जाई. बैठक चालू असताना पाणी प्यायचे झाले, तर त्यांचे यजमान टेबलाखालून रांगत जात. हे गृहस्थ सरकारी कचेरीतून सन्मानाने निवृत्त झालेले होते.

"अहो, उभे चाला की," ताई दबक्या आवाजात म्हणत.

"नको बाई. परवा तुमच्या मालकांनी मला नमस्कार केला. मी बनियनवर होतो."

बैठकीत सगळे शिस्तीत चाले आणि ताईंना तीच शिस्त सोसेना. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकल्याचा चेहरा करायचा. मध्येच बोलले की दोघांचेही आवाज तुटत, मग "तुम्ही बोला", "नाही नाही, तुम्ही आधी" असा सौजन्याचा सप्ताह सुरू होई आणि त्यात मूळ मुद्द्याचा प्राण जाई. अर्धवट सुचलेली गोष्ट अर्धवटच फेकावी लागते, तेव्हा कुणीतरी ती झेलून पुरी करतो. इथे आपली पाळी येईपर्यंत ती तोंडात धरून ठेवायची. ताईंच्या कितीतरी कल्पना वाट पाहता पाहता तोंडातच विरघळल्या. शिवाय डोळ्यांना कुठे जायची सोय नव्हती. खोलीत विचार करताना ताईंची नजर खिडकीबाहेर जाई, मिस्त्रींच्या खिशातल्या पेन्सिलीवर जाई, कुणी न पुसलेल्या जुन्या रेघेवर रेंगाळे आणि तिथूनच काहीतरी घेऊन परत येई. पडद्यावर नजर हटली की "ताई, आहात ना?" असा प्रश्न येई. मग त्या पडद्याकडेच पाहात; आणि खरे सांगायचे तर पडद्यावरच्या स्वतःकडेच पाहात. विचार करताना आपली हनुवटी किती लोंबते, याचे ज्ञान त्यांना त्या वर्षी झाले. ते नसते झाले तरी चालले असते.

त्या वर्षी एका मोठ्या रुग्णालयाने प्रतीक्षागृहासाठी बाके करायला सांगितली. तिघांचे एक, अशी. गादीवाली म्हणाली, प्रत्येकाला स्वतःची हक्काची जागा वाटली पाहिजे. चष्मिषने लगेच पडद्यावर दोन जागांच्या मध्ये खांद्याइतक्या उंचीची, किंचित वळवलेली उभी फळी काढून दाखवली. दिसायला ती खरोखर देखणी होती. कुणीतरी अंगठ्याचे चिन्ह टाकले, मग दुसऱ्याने टाकले. ताईंना त्या क्षणी काहीतरी खुपले होते. काय, ते स्पष्ट नव्हते. खोलीत असत्या तर त्यांनी आधी फळी पुसली असती आणि कारण नंतर शोधले असते. पण पडद्याला पाय लावता येत नाही. त्यांनी हात वर केल्याचे चिन्ह दाबले. त्यांच्या आधी दोघांची पाळी होती. पाळी आली, तेव्हा खुपलेले बोथट झाले होते.

"ताई, बोला."

"काही नाही. चालू द्या."

नमुन्याचे बाक तयार होऊन कारखान्याच्या दारापाशी ठेवले गेले. ज्याने त्याने आपापल्या सोयीने यावे, बसून पाहावे आणि मत कळवावे, असे ठरले. सगळे आले. वेगवेगळ्या दिवशी, एकेकटे. प्रत्येकजण मधल्या जागेवर बसला, पाठ टेकली, समाधानाने मान हलवली आणि निघून गेला. ताईसुद्धा.

बाके गेली. आणि पुढच्याच सोमवारी धाकट्यांनी त्यांच्या नेहमीच्या, कधीच न चढणाऱ्या आवाजात सांगितले, की वरची खोली या महिनाअखेर भाड्याने द्यायचे ठरले आहे. एका पार्सल कंपनीला माल ठेवायला जागा हवी आहे.

"एवढं मोठं काम आपण खोलीशिवाय केलं," ते म्हणाले. "म्हणजे खोली लागत नाही, हे सिद्धच झालं."

ताईंनी तोंड उघडले आणि त्याच वेळी पडदा गोठला. त्या उघड्या तोंडाने, एक डोळा अर्धा मिटलेल्या अवस्थेत बराच वेळ सर्वांना दिसत राहिल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ऐकून ठाऊक होता. तोंड उघडे ठेवून तो खाण्याची सोय मात्र नवीनच निघाली होती. आवाज परत आला, तोवर बैठक संपली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सासूबाईंचे डोळे दाखवायला ताई त्याच रुग्णालयात गेल्या. परिचारिकेने सासूबाईंच्या डोळ्यांत औषध घातले आणि सांगितले, "आता आजी, डोळे मिटून बसा. बाहेर बाकावर बसवा त्यांना."

बाहेर त्यांचेच बाक होते. ताईंनी सासूबाईंना एका जागेवर बसवले आणि शेजारी स्वतः बसल्या. बैठक उत्तम होती. पाठ जिथे टेकायला हवी तिथेच टेकत होती. क्षणभर ताईंना बरे वाटले, हेही लपवण्यात अर्थ नाही.

"अगं, कुठे गेलीस?" सासूबाईंनी घाबरून विचारले.

"इथेच आहे, आई. शेजारीच."

"मग अंगाला का लागत नाहीस? हात दे बघू."

ताईंनी हात पुढे केला, मध्ये फळी. वरून द्यायचा, तर शपथ घेतल्यासारखा खांद्यावर उचलावा लागे. शेवटी कमरेत वाकून, फळीला वळसा घालून, त्यांनी सासूबाईंची बोटे धरली. दोघी तशा पुढे झुकून बसल्या, शेजारच्या दोन घरांच्या खिडक्यांतून बोलणाऱ्या बायकांसारख्या.

"कोणी केलंय गं हे मेलं बाक? शेजारी बसवतंय आणि परकं करतंय."

"मी केलंय, आई."

मिटल्या डोळ्यांनीच सासूबाईंनी मान वळवली.

"मग आधी सासूला शेजारी बसवून बघायचं होतंस."

ताईंनी मान वर करून प्रतीक्षागृह पाहिले. एक तरुण नवरा बायकोच्या शेजारची जागा रिकामी सोडून तिच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला होता, तिचे गुडघे धरून. एक आई आणि तापाने फणफणलेली तिची मोठी मुलगी एकाच जागेत कोंबून बसल्या होत्या, फळ्या दोघींच्या कुशीत रुतत होत्या. दोन वृद्ध भाऊ, चेहरेपट्टीवरून भाऊच, खिडकीच्या कट्ट्याला टेकून उभे होते. एकाचा हात दुसऱ्याच्या पाठीवर होता. जे बाकांवर बसले होते, ते एकेकटे, समोर पाहत, आपापल्या चौकटीत. ओळीने डोकी. ताईंनी हे चित्र दर सोमवारी पाहिले होते.

तिघांसाठी केलेल्या त्या बाकावर ते बनवणाऱ्यांपैकी दोन माणसे एका वेळी कधी बसलीच नव्हती. हे त्यांना तिथे, सासूबाईंची बोटे धरून वाकलेल्या अवस्थेत, उमगले आणि त्यांच्या कानशिलांपर्यंत संताप चढला. त्यातला निम्मा स्वतःवर होता. उरलेला निम्मा सोमवारच्या बैठकीस पुरेसा होता.

"बाक चुकलंय," ताईंनी बैठक सुरू होताच सांगितले. "मधल्या फळ्या काढाव्या लागतील. मुळापासून पुन्हा विचार करावा लागेल."

धाकट्यांनी सौम्यपणे स्मित केले. "ताई, रुग्णालयाकडून तर कौतुक आलंय. पुसायला सोपं, कोणी आडवं झोपत नाही, गर्दी शिस्तीत दिसते. दुसऱ्या इमारतीसाठीही हीच बाकं हवीत त्यांना."

"बसणाऱ्यांना कुणी विचारलं?"

"बसणारे आपले ग्राहक नाहीत, ताई."

"मग कोण आहेत? आपलं फर्निचर काय फडक्यांसाठी बनतं?"

"मी तुमची भावना समजू शकतो. हा मुद्दा आपण बाजूला नोंदवून ठेवू."

मिस्त्रींचे कपाळ काहीतरी बोलताना दिसले, पण आवाज आला नाही. "मिस्त्री, तुमचा आवाज बंद आहे," तिघे एकदम म्हणाले. खुडबुड झाली, पंखा दिसला, मग अंधार. चष्मिषने अंगठ्याचे चिन्ह टाकले. कशाला, ते त्यालाच ठाऊक. ताईंनी लॅपटॉपचे झाकण असे आपटले, की टेबलाखालून आवाज आला, "झाली का मीटिंग? उठू?"

"उठा," ताई म्हणाल्या. "आणि पुन्हा या घरात रांगायचं नाही. मी शिडी केली आहे, खुर्च्या केल्या आहेत. नवऱ्याला रांगायला लावणारी मीटिंग काही मी केलेली नाही."

"मला काय," यजमान गुडघे झटकत म्हणाले, "व्यायाम होत होता."

त्या दुपारी ताईंनी तिघांना फोन केले. गादीवाली लगेच तयार झाली. मिस्त्रींनी "किती वाजता?" एवढेच विचारले. चष्मिष मात्र गोंधळला.

"ताई, लिंक पाठवता ना?"

"लिंक नाही. जिना आहे. शनिवारी सकाळी चढून या."

शनिवारी खोली ओकीबोकी होती. पार्सलवाल्यांसाठी खिडक्यांना जाळ्या लागल्या होत्या, पण जमीन तशीच होती आणि खडूंचा डबा कुणी उचलला नव्हता. चष्मिष पहाटेच्या गाडीने आला होता. दारातच तो थबकला.

"मिस्त्री, तुम्ही... तुम्ही एवढे उंच आहात?"

"कपाळाच्या खालीही आहे मी बराचसा," मिस्त्री म्हणाले.

ताईंनी रुग्णालयाचे बाक जमिनीवर काढले. खऱ्या मापात, फळ्यांसकट. तीन खोकी मांडली. "बसा. मिस्त्री इथे, तुम्ही मधे, ही पलीकडे. आता मिस्त्रींना डॉक्टरांनी वाईट बातमी दिली आहे. चला."

"वाईट म्हणजे किती?" मिस्त्रींनी विचारले.

"तुम्ही आजारी आहात हो, चौकशी कसली करता!"

चष्मिषने मिस्त्रींकडे वळायला मान फिरवली, आणि मध्ये फळी आहे हे आठवून तो थांबला. जमिनीवर नुसती पांढरी रेघ होती, तरी त्याचा हात तिच्यापाशी अडला. त्याचे कान लाल झाले.

"ही मी काढली होती," तो हळू आवाजात म्हणाला.

"आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली होती," ताई म्हणाल्या. "रडू नका. पुसा."

पण त्याच वेळी जिन्यावर पावले वाजली आणि धाकटे मालक आत आले. सोबत पार्सल कंपनीचा माणूस, हातात मोजपट्टी. खोक्यांवर बसलेली आपली माणसे पाहून धाकट्यांच्या भुवया वर गेल्या. आवाज मात्र जागचा हलला नाही.

"हे काय चाललंय?"

"मीटिंग."

"ताई, हा विषय संपलाय. खोली दिली आहे मी. तुम्ही असं परस्पर..."

"परस्पर नाही, समोरासमोर. तुम्ही आलात, बरं झालं. मिस्त्रींच्या शेजारी बसा."

"माझ्याकडे वेळ नाही."

"वेळ नाही म्हणून तर तुम्ही बाक एकत्र न बसताच विकलं!" ताईंचा आवाज खालच्या करवतीलाही ऐकू गेला असावा. "उंची मोजली, रुंदी मोजली, कापड मोजलं. एका माणसाला दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकवता येतं का, हे पाहायला आपल्याकडे दुसरा माणूसच नव्हता! पाच जण वर्षभर भेटत होतो आणि पाचही जण एकटे होतो. आता ही खोली खोक्यांना देताय. द्या. खोकी एकमेकांना चिकटून तरी राहतील!"

"ताई, आवाज खाली करा."

"बटण दाबा ना. आहे का इथे बटण?"

गादीवालीने ओठ चावला. पार्सलवाल्याने मोजपट्टी गुंडाळून खिशात घातली. धाकट्यांच्या मानेवरची शीर प्रथमच दिसू लागली. ते ताडताड पुढे आले, चष्मिष घाईने उठला आणि ते मिस्त्रींच्या शेजारच्या त्याच्या खोक्यावर जवळजवळ आदळले.

"बसलो! झालं समाधान? काय दाखवायचं आहे?"

कुणी काही दाखवले नाही. मिस्त्रींनी सवयीने, काही विचार न करता, धाकट्यांच्या पाठीवर हात ठेवायला उचलला. या माणसाला त्यांनी भुशात खेळताना पाहिले होते. हात फळीच्या रेघेपाशी आला आणि मिस्त्रींनी नियमाप्रमाणे तो मागे घेतला. फळी होती ना मध्ये.

धाकटे त्या मागे गेलेल्या हाताकडे पाहत राहिले.

"बाबांच्या वेळी..." ते म्हणाले आणि थांबले. मग चिडून म्हणाले, "दवाखान्यात साधं लाकडी बाकडं होतं. जुनाट. खिळा लागायचा. मिस्त्री आणि मी रात्रंदिवस..." त्यांचा आवाज पहिल्यांदाच घसरला आणि तो घसरला याचाच त्यांना राग आला. "बाबांना मधे आणायचं काही कारण नव्हतं, ताई!"

"मी कुठे आणलं? तुम्हीच आणलंत."

धाकटे उठले. महागडे, चकचकीत बूट होते त्यांचे. त्यांनी बुटाच्या टाचेने ती फळी घासून घासून पुसली, इतक्या त्वेषाने की खडूची पांढरी धूळ त्यांच्या विजारीवर उडाली. मग ते दाराकडे वळले.

"अंहं," मिस्त्री म्हणाले. "नियम."

"कसला नियम?"

"थोरल्यांचा. पुसली ना? आता नवी ओढल्याशिवाय हलायचं नाही."

धाकटे जागच्या जागी थांबले. गादीवालीने त्यांच्या हातात खडू दिला. ते खाली वाकले, वर पाहिले, पुन्हा वाकले. जमिनीवरची मोकळी जागा त्यांच्याकडे पाहत होती.

"मला काही सुचत नाही," ते शेवटी म्हणाले. हे वाक्य त्यांनी पडद्यावर कधीच उच्चारले नव्हते.

"म्हणूनच खोली लागते," ताई म्हणाल्या. या खेपेस त्यांना ओरडावे लागले नाही.

पार्सलवाला खाकरला. "साहेब, माझं काय? जागा मोजू का?"

धाकट्यांनी खडू हातात फिरवला. "वरची नाही जमणार," ते म्हणाले. "खाली मागच्या बाजूला गोदाम आहे, ते बघा. मिस्त्री, जरा दाखवता यांना?"

"मी आजारी आहे," मिस्त्री खोक्यावरून म्हणाले. "ताईंनी सांगितलंय. तुम्हीच दाखवा, पण आधी रेघ."

धाकट्यांनी एक रेघ ओढली. वाकडी, घाबरट, कडेच्या जागेला मधल्या जागेकडे किंचित वळवणारी. ती चांगली आहे की नाही, हे कुणालाच लगेच कळले नाही. ते पार्सलवाल्याला घेऊन खाली गेले. ताईंनी त्यांचे आभार मानले नाहीत. खोली देणगी नव्हती, अवजार होते. अवजार परत मिळाले म्हणून चोराचे आभार कोणी मानीत नाही.

त्या खिडकीपाशी गेल्या. जाळीतून बाहेरचा रस्ता चौकोनाचौकोनांत दिसत होता. ही जाळी आधी काढायला हवी, असे त्यांनी मनाशी ठरवले. मनात म्हणावे तसे समाधान उतरले नव्हते. रुग्णालयात आजही लोक त्या फळ्यांना कुशी टेकून बसले असतील, आणि कौतुकाचे पत्र मात्र आपल्या नावावर जमा होते. वर्षभराचा राग एका शनिवारी कसा फिटावा?

मागे खसखस आवाज झाला. ताई गर्रकन वळल्या. त्यांनी सकाळी काढलेली पाठीची लांब, सुरेख रेघ जिथून धाकट्यांची वाकडी रेघ सुरू होत होती तिथपासून हातभर नाहीशी झाली होती. चष्मिष एका पायावर उभा होता. त्याच्या चपलेचा तळ पांढरा झाला होता आणि चेहराही.

"कोणी पुसली माझी रेघ?" ताई कडाडल्या. "पाठ आहे ती! पाठ! कळतंय का, काय पुसलंत ते?"

"मला... मला खुपली," तो कसाबसा म्हणाला.

"खुपली तर तिथेच उभे राहा!" ताईंनी डब्यातला खडू काढून त्याच्या दिशेने भिरकावला आणि साडीचा पदर खोचीत त्या रेघांमध्ये शिरल्या. "आणि पटकन ओढा. मला तुमच्याशी भांडायचं आहे."